एकशे दहाच्या पुढे

आमच्या घरात कुठलीच वस्तू फार काळ एका रूपात राहत नसे. थंडीत तूप गोठून गाडग्याला घट्ट बसायचं आणि अव्वा, म्हणजे आमची आई, ते चुलीच्या कडेला सरकवून ठेवायची. उन्हाळ्यात तेच तूप पळीतून धार लावून पडायचं. मिठाचा खडा आमटीत दिसेनासा व्हायचा आणि ओढ्याच्या कडेच्या खारपड रानात पाणी आटलं की पांढरा होऊन परत दिसायचा. उसाच्या रसाची काकवी व्हायची, काकवीचा गूळ व्हायचा, आणि पावसाळी हवेत उतरंडीतली ढेप पुन्हा पाझरायला लागली की अव्वा म्हणायची, "ह्याला एका जागी बसायचं ठावंच न्हाई, तुमच्या अप्पावानी." पुढे आयुष्यभर मी शाळेत विज्ञान शिकवलं. स्थायू, द्रव आणि वायू हे शब्द फळ्यावर लिहिताना मला दर वर्षी ते गाडगं आणि ती उतरंड आठवायची, पण वर्गात मी कधी ते बोलले नाही. परीक्षेत ते विचारत नसत.

अप्पा गुळव्या होते. गुळव्या म्हणजे गूळ कधी झाला हे सांगणारा माणूस. रस कुणीही उकळू शकतो, जाळ कुणीही घालू शकतो. पण कढई चुलवाणावरून, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीवरून, उतरवायची वेळ नेमकी कोणती, हे एकट्या गुळव्याला कळतं. चार श्वास आधी उतरवली तर ढेप बसत नाही, चार श्वास उशीर झाला तर गूळ करपून काळा पडतो. आमचं गाव कमलनगरपासून तीन कोसांवर. तिथे आमचं स्वतःचं थोडं काळं रान होतं, त्यात ज्वारी आणि तूर. दिवाळी झाली की मात्र अप्पा वीरभद्रअण्णांच्या गुऱ्हाळावर जात ते शिवरात्रीपर्यंत. त्यांना सहीपुरतं लिहिता येत होतं. घड्याळ नव्हतं. ते कढईशेजारी उभे राहून डोळे मिटून ऐकत. रस नुसता सळसळतो, मग खदखदतो, मग दाट झाला की बुडबुडे फुटताना जाड आवाज करतात. तो आवाज आला की अप्पा पळीभर पाक गार पाण्याच्या परातीत टाकत आणि बोटांनी त्याची गोळी वळत. गोळी परातीच्या काठावर टाकली आणि टणकन वाजली की म्हणत, "उतरवा." चार माणसं कढईच्या कड्यांत दांडा घालून ती उचलत. एवढ्या वर्षांत त्यांची एकही कढई फसली नव्हती, आणि हे गावात सगळ्यांना माहीत होतं. आम्हालाही माहीत होतं, त्यामुळे आम्ही बहिणी गावातून जरा ताठच चालत असू.

त्या चार महिन्यांत घराला गुळाचा वास लागलेला असे. अप्पांच्या धोतराला, उशीला, आमच्या वेण्यांनासुद्धा. दिवसभर ऊस पिळायच्या चरख्याचं इंजिन टुकटुक करत असे आणि ते बंद पडलं की गाव एकदम बहिरं झाल्यासारखं वाटे. दुपारी मी किंवा शकू, म्हणजे माझी धाकटी बहीण, अप्पांची भाकरी घेऊन जायचो. ज्वारीची भाकरी, पुंडीची म्हणजे अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. येताना तांब्यात काकवी मिळायची. अव्वा अप्पांवर रागावली की कन्नडमध्ये रागवायची आणि आमच्यावर मराठीत. अप्पा इंजिनवाल्या महेबूबशी दखनीत बोलायचे. आज बिदरजवळ नौबादला माझ्या घराच्या गच्चीवरून मोठा रस्ता दिसतो, खाली नातवंडं इंग्रजीत भांडतात. मला त्यात काही वाईट वाटत नाही. चौथी भाषा आली, एवढंच.

आमच्या भागात पहिल्या कढईचा एक रिवाज होता. हंगामातली पहिली कढई विकायची नाही. तो गूळ गावाचा. आधी थोडा केळीच्या पानावर काढून मठातले अय्या लिंगाला नैवेद्य दाखवणार, मग वाफ्याभोवती जमलेली पोरं चिपाडाच्या तुकड्यावर ऊन ऊन गूळ घेऊन तिथेच खाणार, मग घरोघर वाटी जाणार. वाफा म्हणजे कढई ओततात ते रुंद उथळ पात्र. तोवर गुळव्यानेसुद्धा चाखून बघायचं नाही. आणि त्या कढईत गुळव्याशिवाय कुणी काही घालायचं नाही. भेंडीचं पाणी, चिमूटभर चुना, जे काय लागेल ते त्यानेच. अप्पा त्या दिवशी उपास करायचे आणि कपाळावर विभूतीचे तीन पट्टे नेहमीपेक्षा रुंद ओढायचे. दुपारपर्यंत घामाने ते नाकावर उतरलेले असत.

मी दहावीत होते तेव्हाची ही गोष्ट. कमलनगरच्या शाळेत आम्हाला विज्ञानाला मठपती सर होते. उंच, कोरडे, खडू मोडला तर दोन्ही तुकडे खिशात ठेवणारे. त्यांनी एक दिवस स्पिरिटच्या दिव्यावर चंचुपात्रात पाणी ठेवलं, त्यात थर्मामीटर धरला आणि एकेका मुलीला जवळ बोलावून आकडा वाचायला लावला. पाणी उकळायला लागलं, पारा शंभरच्या जवळ येऊन थांबला. सर म्हणाले, "आता कितीही जाळ घाला. उकळताना तापमान वाढत नाही. सगळी उष्णता वाफ करण्यात जाते." मला हे इतकं आवडलं की काय सांगू. जगात एक तरी गोष्ट अशी होती की जी कितीही जाळ घातला तरी जागची हलत नाही. मी हात वर केला. "सर, उसाचा रस?"

"रस म्हणजे पाणीच. गोड पाणी. शंभरला उकळणार."

मागून कुणीतरी "गुळव्याची पोरगी" म्हणालं आणि वर्ग हसला. मीही हसले.

त्या दिवशी जेवताना मी अप्पांना हे सांगितलं. अप्पांनी भाकरी मोडता मोडता ऐकून घेतलं.

"पाण्याचं आसंल तसं," ते म्हणाले. "रसाचं वाढतंय."

"सर म्हणतेत न्हाई वाढत."

"नुसता रस उकळायलाय तवा शितोडा उडला तर कातडं भाजतंय. पाक झाल्यावर उडला तर हाडापातूर भाजतंय." त्यांनी मनगट पुढे केलं. तिथे दोन डाग होते, एक फिका आणि एक खोल. "दोन्ही उकळतच व्हते की ग."

"पण पुस्तकात हाय, अप्पा."

"मग सरांना म्हणावं, या आन् बोट घाला."

अव्वा हसली, शकू हसली. मला मात्र हसू आलं नाही. इतक्या वर्षांनी खरं सांगायला हरकत नाही: मला सर बरोबर ठरायला हवे होते. अप्पांवर माझा जीव होता, पण मला त्या गावातून बाहेर जायचं होतं, आणि बाहेर जाण्याचा रस्ता पुस्तकातूनच जात होता. पुस्तक चुकलं असतं तर मी कुठे जाणार होते?

शनिवारी प्रयोगशाळेचं कपाट पुसायची पाळी माझी होती. मी थर्मामीटर न विचारता वहीत गुंडाळून घेतला. सोमवारी सकाळी परत ठेवायचा होता. पहिली कढई रविवारी होती. तो लांब, काचेचा, वजा दहापासून एकशे दहापर्यंत खुणा असलेला. एकशे दहा पाहून मला भरपूर वाटलं. शंभरच्या पुढे जायचंच नव्हतं तर वरचे दहा अंश म्हणजे नुसती उधळपट्टी. पुढे मी शाळेच्या कपाटातले सगळे थर्मामीटर स्वतः पुसत असे आणि मुलींना पहिला प्रश्न विचारत असे, हा कुठपर्यंत आहे? त्या कंटाळत. त्यांना कारण ठाऊक नव्हतं.

रविवारी सकाळी मी अप्पांना विचारलं होतं, हा कढईत घालू का म्हणून. त्यांनी थर्मामीटर हातात घेऊन उजेडात धरला, आतला पारा बघितला आणि परत दिला. "पहिल्या कढईत न्हाई, नंदे. दुसऱ्या कढईत घाल. मीच धरून ठिवतो."

पण दुसरी कढई दिवे लागल्यावर उतरायची, आणि कंदिलाच्या उजेडात पाऱ्याची बारीक रेघ दिसायची नाही. सोमवारी पहाटेच शाळेसाठी जीप धरायची होती. मी मान हलवली. मनात ठरलेलं होतं.

दुपार झाली. वाफ्याभोवती पोरं येऊन बसली होती, प्रत्येकाच्या हातात चिपाडाचा सोललेला तुकडा. शकू सगळ्यात पुढे. मठातले म्हातारे अय्या बाजेवर बसले होते, वीरभद्रअण्णा नवं उपरणं घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला "या, बसा" करत होते. कढईतून पांढरी वाफ इतकी उठत होती की पलीकडचा माणूस दिसत नव्हता. जाळ कमी पडायला लागला म्हणून अप्पा चुलवाणाच्या तोंडाशी चिपाड घालणाऱ्याला ओरडायला गेले. मी कळकाच्या चिमट्यात थर्मामीटर अडकवला, मागच्या बाजूने काठाशी वाकले आणि त्याचं टोक पाकात बुडवलं.

पारा शंभरवर थांबला नाही. मी डोळे चोळून पाहिलं. एकशे दोन. पाक उकळत होता, बुडबुडे फुटत होते, आणि पारा चढत होता. एकशे चार. मला आनंद झाला नाही, भीती वाटली. अप्पा बरोबर होते आणि सर चुकले होते, आणि हे जगात त्या क्षणाला फक्त मला माहीत होतं. एकशे सहा. आता थांबेल, आता थांबेल, असं मी म्हणत होते. पुस्तकातल्या त्या वाक्यावर माझा अजून विश्वास होता; वाटत होतं, फक्त आकडा थोडा वर सरकला असेल, थांबणार तर आहेच. एकशे आठ. अय्यांच्या जपमाळेचे मणी तेवढेच, हे मला तेव्हाही सुचलं. मग पारा खुणांच्या शेवटाला गेला, वरची सगळी नळी भरली, आणि पाकाच्या आतून एक बारीक आवाज आला. टक.

कशामुळे ते मी नंतर शिकले, आणि शिकवलंही. रसातलं पाणी उडत जातं तसा उरलेला पाक दाट होतो, त्यातली साखर पाण्याला सहजी सोडत नाही, म्हणून उकळायला जास्त उष्णता लागते. सरांचं वाक्य शुद्ध पाण्यापुरतं खरं होतं. रस हे शुद्ध पाणी नव्हे. गूळ उतरवायची वेळ येते ती सुमारे एकशे अठरा अंशांना. पाऱ्याला फुगायला जागा उरली नाही की तो काच फोडतो. एवढं साधं आहे. माझ्या हातात उरली ती नुसती वरची नळी, खालचा फुगा नसलेली.

"काय वाजलं ग?" अप्पा वाफेच्या पलीकडून म्हणाले.

कढईच्या खदखदाटात, इंजिनाच्या आवाजात, त्यांना तेवढं टक ऐकू आलं होतं.

"काय न्हाई, अप्पा," मी म्हणाले आणि नळी परकराच्या घडीत लपवली.

मग सगळं भराभर झालं. अप्पांनी पाक परातीत टाकला, गोळी वळली, ती टणकन वाजली. "उतरवा." चार जणांनी कढई उचलून वाफ्यात ओतली आणि लांब दांड्याच्या फावड्यांनी गूळ घोटायला सुरुवात केली. मी वाफ्याच्या कडेला उभी होते. सोनेरी पाक फावड्याखाली उलटा झाला आणि त्यात एक चकचकीत थेंब क्षणभर लोळताना मला दिसला. पुढच्या फावड्याला त्याचे चार झाले, मग दिसेनासे झाले. वर्गात एकदा फुटलेल्या थर्मामीटरचा पारा सरांनी आम्हाला हात लावू दिला नव्हता. "विष आहे ते," असं म्हणून त्यांनी तो स्वतः कागदावर गोळा केला होता. मला हे सगळं आठवत होतं आणि मी गप्प उभी होते. घोटलेला गूळ घट्ट होत आला, त्याचा रंग सोन्यावरून तांब्यावर गेला. अय्या बाजेवरून उठले. एका बाईने केळीचं पान पुढे केलं. इतका वेळ मी गप्प होते, आणि ही गोष्ट मी माझ्या बाजूने कितीही सजवून सांगितली तरी हा वेळ काही कमी होत नाही.

शकूने चिपाड पुढे केलं तेव्हा मी बोलले. "अप्पा, देऊ नका. त्याच्यात पारा पडलाय. काच बी हाय."

मी नळी काढून दाखवली. वीरभद्रअण्णा आधी माझ्याकडे, मग अप्पांकडे बघत राहिले. "पहिल्या कढईत पोरीला हात घालू दिलास व्हय, काशप्पा?" अण्णा रागीट नव्हते. त्यांनी लगेच वाट काढायला सुरुवात केली. "किती हाय? दोन-चार थेंब? मग काढून टाका की तेवढा."

"निघत न्हाई, अण्णा. त्याचे बारीक बारीक थेंब झालेत. सगळीकडं गेलंय ते," मी म्हणाले.

मग अय्या पुढे आले. त्यांनी माझ्या हातातली नळी घेतली, तिच्यात अडकलेली चांदीसारखी रेघ पाहिली आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "कामून भ्यायलात रे सगळे? पारा म्हंजे शिवाचं तेज. लोक पाऱ्याचं लिंग करून पुजतेत. वैद्य लोक पारा मारून औषधात घालतेत. पहिल्या कढईत शिव सोता उतरला म्हणा की. काच तेवढी गाळून घ्या फडक्यातून. हा तर प्रसाद झाला."

गर्दीतून एक सुस्कारा गेला. बायकांनी हात जोडले. अय्या खोटं बोलत नव्हते, आणि अडाणीही नव्हते. त्यांनी तरुणपणी कुठल्याशा मठात पाऱ्याचं लिंग डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि लिंगायताच्या घरी जन्मलेल्या आम्हा कुणालाही त्यांचं म्हणणं परकं वाटण्यासारखं नव्हतं. मलाही नाही. माझ्या छातीवर चौकात, म्हणजे छोट्या डबीत, इष्टलिंग होतंच. शिवाय त्यांनी मला सोडवलं होतं. मी नुसती मान हलवली असती तर माझी चूक तिथेच पुण्य झाली असती, अप्पांचं नाव राहिलं असतं, पोरं गूळ खाऊन घरी गेली असती. मला तो मोह झाला. चांगलाच झाला.

अप्पांनी अय्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी पुस्तकाबद्दल विचारलं नाही, सरांबद्दलही नाही. शकूच्या हातातलं चिपाड घेऊन ते माझ्यापुढे धरलं.

"नंदे, तू देशील का शकूला?"

"न्हाई."

"येवडासा बी?"

"न्हाई, अप्पा."

अप्पांनी खोरं उचललं. चुलवाणाच्या तोंडातून गरम राख ओढली आणि वाफ्यातल्या गुळावर टाकली. एकदा, दोनदा, सगळा गूळ पांढरा होईपर्यंत. मागाहून पोरांनी किंवा कुत्र्यांनी खाऊ नये म्हणून. पोरं रडायला लागली. शकू सगळ्यात मोठ्याने.

"काशप्पा! अरे, पहिली कढई हाय ही," अण्णा ओरडले.

"म्हणूनच की, अण्णा," अप्पा म्हणाले.

अय्या नळी बाजेवर ठेवून मठाकडे गेले. अप्पांनी आणि महेबूबने तो गूळ लांबच्या बांधाला खड्डा करून पुरला.

मला जाणकार म्हणून आता विचारलं तर सांगेन की गिळलेला पारा बहुतेक करून तसाच बाहेर पडतो; खरा धोका त्याच्या वाफेचा, आणि ती थोडीफार त्या दुपारी आम्हा सगळ्यांच्याच नाकात गेली असणार. काच मात्र आतडी कापू शकली असती, आणि सगळी काच काही फडक्यात अडकत नाही. म्हणजे निर्णय बरोबर होता, कारण अर्धवट होतं. अप्पांपाशी तर तेवढंही कारण नव्हतं. त्यांच्यापाशी माझं "न्हाई" होतं.

घरी आल्यावर अव्वाने मला बडवलं आणि मग जेवायला वाढलं. मी रडत रडत अप्पांना सगळं सांगितलं, पारा कसा चढत गेला, काच कशी फुटली. "एकशे दहापातूरच होती, अप्पा. पुढं जागाच न्हवती त्याला." त्यांनी ऐकलं. परातीत हात धुतला आणि उठले.

सोमवारी मी मोडकी नळी मठपती सरांच्या टेबलावर ठेवली. ते बराच वेळ ओरडले, ते ठीकच होतं. मग अचानक थांबून त्यांनी विचारलं, "थांब. एकशे दहाच्या वर गेला म्हणतेस?" मी हो म्हणाले आणि अप्पांचं म्हणणंही सांगितलं. त्यांनी मला वर्गाबाहेर उभं केलं ते शिक्षा म्हणून. पण दोन दिवसांनी त्यांनी फळ्यावर लिहिलं, "शुद्ध द्रवाचा उत्कलनांक", आणि शुद्ध या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. म्हणाले, "गेल्या वेळी माझ्याकडून हा शब्द राहिला. ह्या मुलीच्या वडिलांनी तो फरक बरोबर सांगितला होता." वर्ग हसला नाही. मी शिक्षिका झाले ती त्या दोन रेघांमुळे, असं मला अजून वाटतं. शिक्षकाला स्वतःची चूक दुरुस्त करताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

पुढच्या हंगामाला वीरभद्रअण्णांनी उदगीरकडचा दुसरा गुळव्या आणला. भांडण झालं नाही, निरोपसुद्धा आला नाही; दिवाळी गेली आणि अप्पांना बोलावणं आलं नाही, एवढंच. अप्पा आजूबाजूच्या गावांत गुऱ्हाळांवर जात, पण कुठेही हंगाम सुरू झाल्यावर आठ दिवसांनी. पहिली कढई त्यांनी पुन्हा कधी केली नाही. कुणी करू दिली नाही की त्यांनीच केली नाही, हे मला कधी कळलं नाही. आमच्या गावच्या गुऱ्हाळाचं इंजिन सुरू झालं की ते घरातून उठून रानात जात. त्या दिवसाबद्दल ते मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. मी बारावी झाले, बिदरला शिकायला गेले, नोकरीला लागले, कमलनगरला त्याच शाळेत काही वर्षं शिकवून आले. एक शब्द नाही. मीही विचारलं नाही. लोकांना वाटतं वर्षं गेली की अशा गोष्टी विरघळतात. मी विज्ञानाची शिक्षिका. द्रावण गोड लागतं तोवर साखर त्यात आहेच, हे मला माहीत होतं.

अव्वा गेल्यावर मी अप्पांना नौबादला माझ्याकडे आणलं. आता गुऱ्हाळावर बंदुकीसारखं यंत्र असतं, लांबून कढईवर रोखलं की आकडा दिसतो. माझ्या मुलाने एकदा त्यांना मोबाइलवर ते दाखवलं. त्यांनी पाहून घेतलं आणि आवाज मोठा करायला सांगितला. डोळे मिटून कढई ऐकली. "अजून दोन श्वास हाय," म्हणाले. चित्रातल्या माणसांनी तेवढ्यातच कढई उतरवली, आणि अप्पांनी मोबाइल परत दिला.

शेवटच्या हिवाळ्यात त्यांना ताप आला. सकाळची वेळ होती, खिडकीतून ऊन पलंगावर पडलं होतं. माझ्याकडे तापाचा जुना काचेचा थर्मामीटर होता. मी तो झटकून पारा खाली उतरवला आणि म्हणाले, "अप्पा, तोंड उघडा." त्यांनी उघडलं नाही. हात पुढे केला. मी थर्मामीटर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडात धरला, त्या रविवारी सकाळी धरला होता तसाच, आणि बारीक रेघ शोधत राहिले.

"पाराच हाय न्हवं ह्याच्यात?"

"व्हय, अप्पा."

"कुटपातूर हाय ही काच?"

इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न.

"एकशे आठ," मी म्हणाले.

त्यांनी थोडा विचार केला. मग थर्मामीटर माझ्या हातात परत दिला.

"मग पुरंल मला," म्हणाले आणि त्यांनी तोंड उघडलं.